सोमवारी ऑफिस, रविवारी सिंहगड: पुण्यात एकाच सायकलवर दोन्ही कसे साधावे

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत त्या काळात सायकल चालवणे ही हौस नव्हती. गिरणीकामगारापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचे ते रोजचे वाहन होते. आज सायकलवाल्यांचे दोन वेगळे गट दिसतात. एक गट परवडत नाही म्हणून रोज सायकलने कामावर जातो आणि दुसरा गट रविवारी पहाटे हेल्मेट घालून खडकवासल्याच्या रस्त्याला लागतो, पण सोमवारी मोटारीची किल्ली शोधतो. हा लेख त्या दुसऱ्या गटासाठी आणि त्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्याचे ऑफिस घरापासून ६ ते १५ किमीवर आहे आणि जो आठवड्यातून तीन-चार दिवस ते अंतर सायकलने कापतो, त्याला रविवारच्या घाटासाठी निराळा सराव करावा लागत नाही, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी सायकल, रस्ता आणि देखभाल या तिन्ही गोष्टी आधी नीट बसवाव्या लागतात.

सायकल निवडताना

दोन्ही कामे एकाच सायकलने करायची असतील, तर फ्रेमला मडगार्ड आणि कॅरियर बसवण्याची भोके आहेत का आणि ३२ मिमी रुंदीचा टायर आत मावतो का, या दोन गोष्टी रंग आणि कंपनी यांच्या आधी पाहाव्यात. सरळ हँडलची हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) किंवा थोड्या उंच हँडलची रोड सायकल, दोन्ही चालतात. पुढच्या फोर्कमध्ये सस्पेन्शन असलेली सायकल दुकानात आकर्षक वाटते, परंतु स्वस्त सस्पेन्शनमुळे वजन वाढते आणि चढावर उभे राहून पेडल मारताना जोर खालीवर होण्यातच जातो. खड्ड्यांचा धक्का रुंद टायर आणि त्यातील योग्य हवा अधिक चांगला सोसतात.

गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता आहे हे महत्त्वाचे असते. पुढच्या लहान चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात मोजावेत. दोन्हीकडे ३४ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक एकदाच फिरते आणि सायकल सुमारे २.१५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी पावणेआठ किमीच्या आसपास राहतो, म्हणजे चढावर श्वास सांभाळून जाता येते. याउलट पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील, तर तेवढेच फेरे मारण्यासाठी ताशी १२ किमीचा वेग टिकवावाच लागतो. तो टिकला नाही की पेडल जड होते, गुडघ्यांवर ताण येतो आणि शेवटी सायकल हातात धरून चालावे लागते. घाट नकोसा वाटण्यामागे पुष्कळदा माणसाच्या ताकदीपेक्षा मागच्या चक्राचे कमी दात असतात आणि ते चक्र बदलून मिळते.

सीटची उंची

दुकानदार बहुधा पाय जमिनीला टेकेल अशी सीट लावून देतो. तेवढी खाली सीट ठेवून रोज १० किमी चालवले, तर महिन्याभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. उंची ठरवण्याची घरगुती पद्धत सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसावे, एक पेडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. त्या वेळी पाय पूर्ण सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा हलका बाक येतो.

याहून काटेकोर मोजायचे असेल, तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर घट्ट टेकवावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्यावी. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणले की दोन्ही पेडलांना जोडणाऱ्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. उंची ८० सेंमी भरली, तर हे अंतर साडेसत्तर सेंमीच्या आसपास येईल. हा आरंभबिंदू समजावा आणि पुढचे बदल अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्यांनी करावेत. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखत असेल तर वर. सीट सपाट ठेवावी. हाताला मुंग्या येत असतील, तर सीटचे टोक खाली झुकलेले आहे का किंवा हँडल फार दूर आहे का, हे तपासावे.

रस्ता आधी सुट्टीच्या दिवशी पाहावा

मोटारीचा रस्ता आणि सायकलचा रस्ता एकच असण्याचे कारण नाही. कोथरूडहून बाणेरला जायचे असेल, तर पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ चढून बावधन-पाषाणमार्गे जाता येते किंवा सेनापती बापट रस्त्याने विद्यापीठाच्या बाजूने जाता येते. पहिल्या वाटेवर चढ आहे, दुसरीवर सिग्नल आहेत. दोन्ही वाटा एखाद्या रविवारी सावकाश चालवून पाहाव्यात आणि कुठे उजवीकडे वळावे लागते, कुठे महामार्गाची वाहतूक येऊन मिळते, कुठे रस्ता अचानक अरुंद होतो, हे मनात नोंदवावे. ज्या वाटेवर मोठ्या चौकात उजवी वळणे कमी आहेत ती वाट दोन किमी लांब पडली तरी निवडावी. मेट्रोच्या खांबांशेजारी रस्ता आवळला जातो, तिथे बसच्या पुढे जाण्याची घाई करू नये.

नदी ओलांडावी लागत असेल, तर पावसाळ्यासाठी दुसरा पूल ठरवून ठेवावा. खडकवासल्यातून पाणी सोडले की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना ठाऊक असते. सकाळी पावणेनऊला पुलाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ते आठवत नाही, एवढेच.

रस्त्यावर कुठून चालवावे याबद्दल मोठा गैरसमज आहे. अगदी डाव्या कडेला चिकटून चालणे सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात तिथे वाळू, चेंबरची झाकणे आणि उभ्या मोटारींची उघडणारी दारे असतात. उभ्या मोटारीपासून हातभर नव्हे, मीटरभर अंतर ठेवावे आणि रस्ता अरुंद असेल तिथे लेनच्या मध्याच्या जवळ चालावे, म्हणजे मागची मोटार बाजूच्या फटीतून घुसण्याऐवजी जागा मिळेपर्यंत थांबते. सरळ रेषेत चालावे. दोन उभ्या मोटारींमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणारा सायकलस्वार मागच्या चालकाला दिसेनासा होतो आणि मग एकदम समोर उगवतो. बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये, कारण ती थांब्याकडे वळते आणि त्या कोपऱ्यात चालकाला सायकल दिसत नाही. रिक्षामागे असताना रिक्षा कोणत्याही क्षणी थांबेल असे धरून चालावे. तसे धरल्याने माझा कधी तोटा झालेला नाही. उजवीकडे वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात दाखवावा आणि मागच्याने वेग कमी केल्यावरच सरकावे. मोठा चौक असेल, तर सरळ पलीकडे जाऊन उतरावे आणि पादचाऱ्यांबरोबर दुसरा रस्ता ओलांडावा. यात कमीपणा काही नाही.

मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा दिवसाही लावावा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका आवळावा आणि हेल्मेट कपाळावर भुवईच्या दोन बोटे वर बसवावे. मागे सरकवून घातलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते.

ऑफिसात घामाचे काय करावे

या एका प्रश्नामुळे बरेच जण दोन आठवड्यांत सायकल सोडतात. दहा मिनिटे आधी निघावे आणि शेवटचे दोन किमी मुद्दाम हळू चालवावेत, कारण घाम चालवताना कमी जाणवतो आणि थांबल्यावर वारा बंद झाला की खरा फुटतो. पोहोचल्यावर लगेच कपडे बदलू नयेत; दहा मिनिटे पंख्याखाली बसावे, ओल्या पंचाने अंग पुसावे आणि मगच शर्ट घालावा. पाठीवरची सॅक हे घामाचे दुसरे कारण आहे. सामान कॅरियरच्या बाजूला लावायच्या पिशवीत ठेवले की पाठ कोरडी राहते. बूट, एक पँट आणि साबण ऑफिसातच ठेवावेत. सोमवारी आठवड्याचे शर्ट नेणे आणि शुक्रवारी परत आणणे हा त्याहून सोपा मार्ग.

कुलूप घेताना तारेचे बारीक कुलूप घेऊ नये, ते कापायला फार वेळ लागत नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराचे लोखंडी कुलूप मागचे चाक आणि फ्रेम यांच्यातून घालून पक्क्या खांबाला लावावे. फ्रेमचा क्रमांक बहुधा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे.

हवा आणि पंक्चर

रोजच्या सायकलस्वाराला सर्वाधिक त्रास होतो तो हवेचा, म्हणून या भागावर थोडे सविस्तर लिहितो. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, तो भरायचा आकडा नव्हे. ७० किलो वजनाच्या माणसाने २८ मिमीच्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), ३२ मिमीच्या टायरमध्ये ६० च्या आसपास आणि ४० मिमीच्या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय हवा ठेवून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर हवा थोडी वाढवावी आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा पाच पीएसआय जास्त ठेवावी. ट्यूबच्या रबरातून हवा आपोआप झिरपत असते, म्हणून अरुंद टायरची हवा आठवड्यातून दोनदा आणि रुंद टायरची एकदा मापक असलेल्या उभ्या पंपाने तपासावी. रस्त्याकडेच्या कॉम्प्रेसरवर अवलंबून राहू नये. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा इतकी थोडी मावते की क्षणभर जास्त दाबले गेले तरी ट्यूब फुटते. शिवाय बारीक मानेच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला कॉम्प्रेसरचे तोंड अॅडॅप्टरशिवाय बसत नाही.

पंक्चर रस्त्यात काढत बसण्यापेक्षा ट्यूब बदलावी आणि जुनी घरी दुरुस्त करावी. त्यासाठी सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाक नटांचे असेल तर १५ मिमीचा पाना असावा. ट्यूब विकत घेताना टायरवरचा आकडा पाहावा: रोड आणि हायब्रिड सायकलच्या ७०० च्या टायरवर ६२२ हा आकडा (टायर बसतो त्या रिमचा मिमीमधला व्यास) असतो आणि २६ इंची माउंटन सायकलच्या टायरवर ५५९. जुन्या २८ इंची उभ्या सायकलचा ६३५ मिमीचा टायर ७०० च्या रिमवर बसत नाही, तो नावाला जवळचा वाटतो एवढेच.

चाक काढण्यापूर्वी चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणावी. उरलेली हवा सोडून टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलाव्यात, म्हणजे टायर सैल होतो. व्हॉल्व्हपासून दूरच्या जागी लिव्हर घालून एक कड बाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी, पण ती टायरशी कोणत्या बाजूने होती हे लक्षात ठेवावे. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधले की त्याच जागी टायरमध्ये कारण सापडते. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधील केसाएवढ्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये रुतून बसतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. टायरच्या आतून रुमाल फिरवावा, तो जिथे अडकेल तिथे तार किंवा बाभळीचा काटा असतो. तो न काढता नवी ट्यूब घातली, तर पुढच्या किलोमीटरवर पुन्हा उतरावे लागते. भोके दोन आणि समांतर असतील, तर हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेला रिम आपटली, असे समजावे. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकली आहे.

नवी ट्यूब थोडी फुगवून आत बसवावी, म्हणजे तिला घडी पडत नाही. टायरची कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावी आणि शेवटचा घट्ट भाग तळव्यांनी रेटून आत घालावा. तिथे लिव्हर वापरला की तो ट्यूबला चिमटतो. व्हॉल्व्ह एकदा वर आत ढकलून, दोन्ही बाजूंनी ट्यूब टायरखाली चिमटलेली नाही ना हे पाहून मग हवा भरावी. घरी पॅच लावताना जागा पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन पातळ लावावे आणि ते चार-पाच मिनिटे पूर्ण सुकू द्यावे. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच निघून येतो आणि दोष सोल्युशनला दिला जातो.

पावसाळा आणि चेन

मडगार्ड नसेल, तर पावसात सायकल ऑफिसला नेऊच नये. मागच्या चाकाचा चिखल मानेपर्यंत उडतो. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे दिसत नाही, म्हणून त्यातून जाण्याऐवजी वळसा घ्यावा. ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पहिल्या सरीनंतर तेलकट झालेले चौक यांवर वळताना सायकल तिरपी करू नये आणि ब्रेक दाबू नये. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर ओल्या रिमवर चाकाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फक्त पाणी पुसले जाते आणि पकड नंतर येते, म्हणून नेहमीपेक्षा बरेच आधी ब्रेक लावायला सुरुवात करावी.

भिजून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसावी, मग पेडल उलटे फिरवत प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, दहा मिनिटांनी वरचे सगळे तेल पुसून टाकावे. वर राहिलेले तेल धूळ धरते आणि त्याची कानसच तयार होते. गंज सोडवायचा फवारा हे चेनचे तेल नव्हे. चेन किती झिजली हे पट्टीने मोजता येते: नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्या की चेन बदलावी. आठव्या भागापर्यंत वाट पाहिली, तर मागची चक्रेही झिजलेली असतात आणि खर्च कितीतरी पट होतो.

रविवारचा घाट

आठवड्याचे ६० ते ८० किमी होऊ लागले की पहिला रविवार खडकवासल्याला जाऊन येण्याचा ठेवावा. दुसऱ्या टप्प्यात जुना कात्रज घाट जुन्या बोगद्यापर्यंत चढावा. त्याचा चढ एकसारखा असल्याने गिअर आणि श्वास यांचा मेळ तिथे चांगला शिकता येतो. नव्या बोगद्याच्या बाह्यवळण मार्गाला जाऊ नये, तिथली अवजड वाहतूक सायकलसाठी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सायकलला मुळात परवानगीच नाही. लोणावळ्याकडे जायचे असल्यास जुना महामार्ग आहे. नंतर सिंहगड. बोपदेव घाटाने वर जाऊन सासवडमार्गे दिवे घाटाने उतरणे हा पुण्यातल्या सायकलस्वारांचा आवडता फेरा आहे, पण बोपदेव लहान असला तरी उभा आहे, म्हणून तो चौथ्या टप्प्यावर ठेवावा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते, त्या दिवशी हा फेरा अर्थातच नाही.

सिंहगडासाठी पहाटे साडेपाचला घर सोडावे. आठनंतर गडाकडे मोटारींची रांग लागते आणि घाटात त्यांच्या धुरात चढणे हा शिक्षेचाच प्रकार असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आणि गड १३१२ मीटर उंच आहे. यातला बहुतेक चढ पायथ्यानंतरच्या सुमारे ९ किमीच्या घाटात आहे. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी.

घाटाच्या पहिल्या दोन किमीत बहुतेक जण घाट हरतात. पाय ताजे असतात, सोबतचा पुढे जातो आणि त्याच्या मागे लागण्याचा मोह होतो. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, कारण जोर लावत असताना गिअर बदलला की चेन पडते. सीटवर बसून, हँडल सैल धरून, मिनिटाला ६० ते ७० फेरे राहतील असे चालावे. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे; बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. वळणावर आतल्या बाजूला चढ सर्वांत उभा असतो, तेव्हा रस्ता मोकळा असल्यास आणि आपली बाजू न सोडता थोडे बाहेरून जावे. थकल्यास उतरून उभे राहावे, पाणी प्यावे आणि पुन्हा निघावे.

दीड तासापेक्षा जास्त चालवायचे असेल, तर भूक लागण्याची वाट पाहू नये. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर हे सगळे खिशात मावते. दर तासाला अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि एका बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी असावे. गडावरची पिठलं-भाकरी आणि दही यांना नाही म्हणणे अवघड आहे, पण पोटभर जेवून लगेच घाट उतरू नये. निदान अर्धा तास बुरुजावर बसावे.

अपघात चढताना होत नाहीत, उतरताना होतात. ताशी ४० किमी वेगाने सायकल सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून बोटे ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी ११ मीटर अंतर ब्रेकशिवायच कापलेले असते. म्हणून निघण्यापूर्वी कोणता हात पुढच्या ब्रेकचा आहे हे एकदा दाबून पाहावे आणि बोटे सतत ब्रेकवर ठेवावीत. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक जवळजवळ सोडून द्यावेत. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली आणि त्यावर वजन, आतला गुडघा वर, नजर खड्ड्यावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे. ब्रेक सतत घासत ठेवल्यास रिम तापते, म्हणून काही सेकंद घट्ट दाबून मग सोडावेत. वानरे, पार्किंगसाठी अचानक वळणारी मोटार आणि वळणावर साचलेली खडी या तीन गोष्टी घाटात केव्हाही समोर येतात. थंडीच्या दिवसांत घामाने भिजलेल्या छातीवर उतारावर वारा बोचतो. जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवली की काम भागते.

घरी आल्यावर सायकल धुण्यापूर्वी दोन्ही टायर बोटाने चाचपून रुतलेल्या काचा काढाव्यात आणि ब्रेकचे गुटके पाहावेत. गुटक्यांवरच्या खाचा संपत आल्या असतील, तर ते त्याच संध्याकाळी बदलावेत, कारण सोमवारी सकाळी पावणेनऊला चांदणी चौकाचा उतार असतो आणि मागे बस असते.